नळांतील पाण्याचें वय

ज्या घरांत अजून तांब्यापितळेचीं भांडीं वापरांत आहेत, तेथें आदल्या दिवशींचें पाणी सकाळीं ओतून टाकून, भांडीं चिंचेनें लख्ख घासून, त्यांत नवें पाणी भरण्याची चाल आहे. कालच्या पाण्यास अशा घरांत 'शिळें' म्हणतात. अन्न शिळें होतें हें कोणासही पटतें. परंतु पाणी शिळें होतें म्हणजे नेमकें काय होतें, असें एखाद्या चिकित्सक मुलानें विचारलें, तर बहुतेक वडील माणसें 'तशी रीतच आहे' एवढें सांगून मोकळीं होतात. नवल असें कीं, मोठमोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्याचें शास्त्रही आज याच प्रश्नापाशीं येऊन पोंचलें आहे. शुद्धीकरण केंद्रांतून निघालेलें पाणी आपल्या नळाशीं येईपर्यंत किती काळ गेला, म्हणजेच त्या पाण्याचें वय काय, हें जाणण्यासाठीं अभियंते आज संगणकावर गणितें मांडीत आहेत. आणि त्या गणितांच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

सामान्य समजूत अशी कीं, पाणी केंद्रांत एकदां शुद्ध झालें म्हणजे पुढें तें वाहून नेण्याचेंच काय तें काम उरलें. धरणांतून पाणी येतें, तुरटीनें गाळ खालीं बसवितात, वाळूच्या थरांतून तें गाळतात, शेवटीं त्यांत क्लोरीन मिसळतात. येथपर्यंतची क्रिया डोळ्यांस दिसते व तिजवर विश्वासही बसतो. पुढचा प्रवास मात्र जमिनीखालीं, अंधारांत होतो. मोठ्या शहरांत तो शेंकडों मैलांच्या जाळ्यांतून, मधल्या टाक्यांत मुक्काम करीत करीत होतो आणि कधीं कधीं कित्येक दिवस चालतो. केंद्राच्या दाराशीं दिलेला क्लोरीन ही या प्रवासाची शिदोरी होय. प्रवास लांबला तर शिदोरी संपते. आणि ती संपल्यानंतरच्या वाटेवर पाण्यास कोणी राखणदार उरत नाहीं.

विषमज्वरानें शिकविलेला धडा

पाण्याबरोबर अशी शिदोरी देण्याची कल्पना फार जुनी नाहीं. १८९७ सालीं इंग्लंडांतील मेडस्टोन या गांवीं विषमज्वराची मोठी सांथ आली, तेव्हां तेथील नळ ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानें निर्जंतुक करण्यांत आले. १९०५ सालीं लिंकन शहरांत तशीच सांथ उद्भवली असतां डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनीं पाण्यांत क्लोरीनयुक्त द्रव्य सतत घालण्यास आरंभ केला. पुढें १९०८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील जर्सी सिटी शहराच्या पाण्यास डॉ. जॉन लील यांनीं हाच उपाय मोठ्या प्रमाणावर जोडून दिला. पिण्याच्या पाण्यांत रसायन घालावयाचें ही गोष्ट त्या काळीं लोकांस मुळींच रुचत नव्हती. शहर व पाणी पुरविणारी कंपनी यांचा वाद न्यायालयांत चालूच होता. त्यांत हा नवा उपायही तपासला गेला आणि अखेर ग्राह्य ठरला. त्यानंतर एकामागून एक शहरांनीं त्याचा स्वीकार केला आणि विषमज्वरानें मरणाऱ्यांची संख्या झपाट्यानें उतरली.

त्याच १९०८ सालीं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक या विदुषीनें जंतूंच्या नाशासंबंधीं एक महत्त्वाचा नियम मांडला. जंतुनाशक द्रव्याच्या सान्निध्यांत जंतु एकदम मरत नाहींत. तर सारख्या काळांत त्यांचा सारखा हिस्सा मरत जातो. पहिल्या मिनिटांत दहांपैकीं नऊ मेले, तर दुसऱ्या मिनिटांत उरलेल्यांपैकीं पुन्हां दहांतले नऊ मरतील. हर्बर्ट वॉटसन यांनीं याच नियमास द्रव्याच्या प्रमाणाची जोड दिली. तेव्हांपासून जंतुनाशनाचा विचार 'किती द्रव्य' आणि 'किती वेळ' या दोहोंच्या गुणाकारानें करण्याचा प्रघात पडला. काळ हा येथें पाण्याचा मित्र आहे. पण तोच काळ पुढें शत्रु कसा बनतो, हें आतां पाहूं.

शिदोरी कशी संपते

पाण्यांत मिसळलेला क्लोरीन स्वस्थ बसत नाहीं. पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें, लोह, अमोनिया यांजशीं संयोग पावून तो सतत खर्च होत असतो. हा खर्चही पुष्कळसा चिकबाईंच्या नियमासारखाच चालतो: सारख्या काळांत सारखा हिस्सा. समजा, केंद्रांतून निघतांना दर लिटर पाण्यांत १ मिलिग्रॅम क्लोरीन आहे व तो दर ८ तासांनीं निम्मा होतो. मग ८ तासांनीं अर्धा मिलिग्रॅम, १६ तासांनीं पाव मिलिग्रॅम आणि २४ तासांनीं अवघा अष्टमांश मिलिग्रॅम उरेल. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकाप्रमाणें ग्राहकाच्या नळाशीं दर लिटरमागें किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. म्हणजे या उदाहरणांत ज्या घरीं पाणी १६ तासांत पोंचतें तें घर सुरक्षित, आणि ज्या घरीं २४ तास लागतात तें असुरक्षित. दोन्ही घरें एकाच केंद्राचें पाणी पितात, दोन्ही सारखीच पाणीपट्टी भरतात; परंतु एका घरास राखणदार मिळतो, दुसऱ्यास मिळत नाहीं.

शिवाय नळ स्वतःही क्लोरीन खातो. जुन्या लोखंडी नळाच्या आंत गंज चढलेला असतो, त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, आणि जवळून वाहणाऱ्या पाण्यांतला क्लोरीन हे दोघे शोषून घेतात. नळ जितका बारीक तितकी दर लिटर पाण्यामागें भिंत अधिक. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळांत ती ३०० मिलिमीटर व्यासाच्या नळापेक्षां तिप्पट असते. म्हणून गल्लीबोळांतल्या बारीक नळांत ही उधळपट्टी सर्वांत अधिक होते. उन्हाळ्यांत पाणी तापलें कीं तिचा वेग आणखी वाढतो.

मग नळ मोठे घालावेत काय? येथेंच गणिताची गंमत आहे. एक किलोमीटर लांबीच्या १०० मिलिमीटर नळांत सुमारे ७,८५० लिटर पाणी मावतें. त्याच्या टोकाशीं वीस बिऱ्हाडें असून प्रत्येकीं रोज ५०० लिटर पाणी लागत असेल, तर एकूण खर्च १०,००० लिटर. म्हणजे त्या नळांतून पाणी सरकावयास सुमारे १९ तास लागतात. पुढें वस्ती वाढेल या दूरदृष्टीनें नगरपालिकेनें तेथें दुप्पट व्यासाचा नळ घातला, तर त्यांत चौपट पाणी मावेल, आणि तेंच पाणी त्या वीस बिऱ्हाडांपर्यंत पोंचावयास तीन दिवसांहून अधिक लागतील. उद्यांच्या वस्तीची सोय करतांना आजच्या वस्तीस शिळें पाणी मिळतें. बारीक नळांत भिंत खाते, मोठ्या नळांत वेळ खातो. आणि या दोहोंचा मेळ नजरेच्या अंदाजानें बसत नाहीं, तो हिशेबानेंच बसवावा लागतो.

कागदावरील बेरजांपासून संगणकापर्यंत

एका नळाचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. परंतु शहरांतील नळ एकमेकांस जोडलेले असतात. एकाच चौकांत पाणी दोन बाजूंनीं येतें व तीन बाजूंनीं जातें. सकाळीं एका दिशेनें वाहणारें पाणी रात्रीं उलट फिरून टाकींत चढतें. कोणत्या नळांतून किती पाणी जाईल, हेंच आधीं ठरविणें कठीण. १९३६ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनीं यावर एक सुटसुटीत युक्ति सांगितली. प्रथम अंदाजानें प्रवाह धरावेत, प्रत्येक वेढ्याभोंवतीं दाबाचा जमाखर्च मांडावा, जी चूक निघेल तिच्या मानानें प्रवाह दुरुस्त करावेत, आणि चूक नगण्य होईपर्यंत हेंच पुन्हां पुन्हां करावें. कागद, पेन्सिल व चिकाटी एवढ्या भांडवलावर पुढच्या पिढीच्या अभियंत्यांनीं शहरेंच्या शहरें मोजून काढलीं.

संगणक आल्यावर हीच चिकाटी यंत्राच्या स्वाधीन झाली आणि प्रवाहाबरोबर पाण्याच्या गुणांचाही हिशेब करतां येऊं लागला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सिनसिनाटी येथील प्रयोगशाळेंत लुईस रॉसमन यांनीं रचलेली 'ईपीएनेट' ही आज्ञावली १९९३ मध्यें प्रसिद्ध झाली. ती कोणासही विनामूल्य मिळते, आणि जगभरच्या अभियंत्यांच्या हातीं ती आज आहे. तिच्यांत शहराची गणिती प्रतिकृति उभी करतात. प्रत्येक नळाची लांबी, व्यास व खडबडीतपणा, प्रत्येक टाकीची उंची, प्रत्येक पंपाची शक्ति आणि प्रत्येक चौकांतील तासागणिक मागणी तींत भरावयाची. मग आज्ञावली नळांतील पाण्याचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांस क्षणोक्षणीं पुढें सरकविते. प्रत्येक तुकड्याचें वय वाढविते, त्यांतील क्लोरीन घटविते, आणि चौकांत दोन पाणी एकत्र आलीं कीं त्यांची सरासरी काढते. अखेर नकाशावर दिसतें कीं, पहांटे पांच वाजतां अमुक आळींतील पाणी किती तासांचें आहे व त्यांत किती क्लोरीन उरला आहे.

अर्थात् प्रतिकृति ही प्रत्यक्ष शहर नव्हे. नकाशावर उघडी दाखविलेली झडप प्रत्यक्षांत वर्षानुवर्षें बंद असूं शकते. म्हणून गणिताचा ताळा पाहावा लागतो. पाण्यांत फ्लोराइड घालण्याची चाल जेथें आहे, तेथें तें घालणें कांहीं काळ थांबवितात आणि निरनिराळ्या नळांवर तें केव्हां कमी होतें याची नोंद ठेवतात. गणितानें सांगितलेली वेळ व प्रत्यक्ष वेळ जुळली, तरच त्या प्रतिकृतीवर भरंवसा ठेवावयाचा.

गिडियन गांवची गोष्ट

हें सारें पंडितांचें मनोरंजन नव्हे, हें १९९३ सालच्या एका दुःखद प्रकरणानें दाखवून दिलें. अमेरिकेच्या मिसूरी संस्थानांत गिडियन नांवाचें, त्या वेळीं अकराशें वस्तीचें, एक लहानसें गांव आहे. तेथील पाणी खोल विहिरींतून येई. विहिरींचें पाणी निर्मळ, म्हणून त्यास जंतुनाशक द्रव्य देण्याची गरज कोणास वाटली नव्हती. त्या वर्षीं नोव्हेंबरांत पाण्यास वास व चव येत असल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हां गांवच्या लोकांनीं आगीच्या वेळीं उपयोगी पडणाऱ्या रस्त्यांवरील तोट्या एकामागून एक उघडून सारे नळ धुऊन काढले. हेतु चांगलाच होता. पण थोड्याच दिवसांत 'साल्मोनेला' नांवाच्या जंतूनें गांवांत अतिसाराची सांथ पसरली. सहाशेंच्या आसपास माणसें आजारी पडलीं आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांतील सात जण दगावले.

विहिरी निर्मळ असतां जंतु आले कोठून? तपासाला आलेल्या शास्त्रज्ञांनीं गांवच्या नळांची प्रतिकृति संगणकावर मांडली आणि तोट्या उघडल्या त्या दिवशींचा प्रवाह पुन्हां चालवून पाहिला. तोट्यांतून एकाएकीं पुष्कळ पाणी ओढलें गेल्यानें उंच टाकींतलें, एऱ्हवीं फारसें न हालणारें पाणी गांवभर पसरलें होतें. जेथें जेथें तें प्रथम पोंचावें असें गणित सांगत होतें, तेथेंच पहिले रोगी निघाले होते. टाक्यांवर पक्षी बसत, आणि त्यांची विष्ठा पाण्यांत गेल्यानें हा अनर्थ ओढवला असा निष्कर्ष निघाला. तत्पूर्वीं थंडी एकदम पडल्यानें टाकींतील गरम व गार थर उलटेपालटे होऊन तळचा गाळ ढवळला गेला असावा, असाही तर्क तज्ज्ञांनीं केला.

या गोष्टींत कोणी दुष्ट नव्हतें. विहिरी चांगल्या होत्या आणि नळ धुण्याचा उद्योगही सद्बुद्धीनेंच झाला. उणीव एवढीच कीं, पाणी वाटेंत कोठें थांबतें व थांबल्या जागीं त्याचें काय होतें याचा विचार झाला नव्हता. आणि त्याजबरोबर शिदोरी मुळींच नव्हती. पाण्यांत क्लोरीन असता, तर त्यानें जंतूंशीं झुंज दिली असती. आणि तो कोठें नाहींसा होतो हें मोजतां आलें असतें, तर धोक्याची सूचना वेळींच मिळाली असती. शिल्लक क्लोरीन हा पहारेकरी तर आहेच. पण त्याचें नाहींसें होणें हीही एक वर्दीच असते.

अधिक घालावा म्हणावें तर

कोणी म्हणेल, मग केंद्रांतच क्लोरीन भरपूर घालावा, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत पुरेल. पण या मार्गांतही कांटे आहेत. १९७४ सालीं हॉलंडांतील रॉटरडॅम येथील रसायनज्ञ योहानेस रूक यांनीं दाखवून दिलें कीं, पानापाचोळ्यापासून पाण्यांत उतरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ बनतात. ते दीर्घकाळ पोटांत जाणें आरोग्यास अपायकारक असल्याचा संशय बळावल्यानें पुष्कळ देशांनीं त्यांवर मर्यादा घातल्या. तेव्हां पहिल्या घरास उग्र वासाचें पाणी पाजून शेवटच्या घराचें रक्षण करणें हा न्याय नव्हे. त्याऐवजीं वाटेवरच्या टाक्यांत थोडा थोडा क्लोरीन पुन्हां घालणें, म्हणजे प्रवाशास मधल्या मुक्कामीं नवी शिदोरी बांधून देणें, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. ती कोणत्या मुक्कामीं व किती द्यावी, हें प्रतिकृति सांगूं शकते.

क्लोरीन सर्वशक्तिमान् नाहीं, ही गोष्टही ध्यानीं धरावी. १९५५-५६ च्या हिंवाळ्यांत दिल्लीस यमुनेचें मैलामिश्रित पाणी उपसा केंद्रांत शिरलें. क्लोरीन वाढवून घातल्यानें विषमज्वराची सांथ टळली. पण काविळीचे विषाणु वांचले आणि सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. सारांश, आधीं स्वच्छ उगम, मग नीट गाळण, मग क्लोरीन, आणि शेवटीं सुरक्षित वाट. या चारांतली एकही पायरी दुसरीची जागा घेऊं शकत नाहीं.

आपल्या नळांची निराळी रीत

आतां आपल्या घराकडे वळूं. ईपीएनेटसारख्या आज्ञावल्या मूळ ज्या देशांसाठीं रचल्या गेल्या, तेथें नळ रात्रंदिवस दाबानें भरलेले असतात. आणि हेंच त्यांचें पहिलें गृहीत आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसांतून कांहीं तास, कित्येक ठिकाणीं एक दोन दिवसांआड येतें. पाणी गेलें कीं नळ रिकामे होतात, आंतला दाब नाहींसा होतो, आणि शेजारून वाहणाऱ्या गटाराचें पाणी फुटक्या सांध्यांतून आंत झिरपतें. नळ भरलेला असतांना फुटक्या जागेंतून पाणी बाहेर येतें. तोच रिकामा झाला कीं घाण आंत जाते. गणितांत हा प्रकार बसविण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु ज्या वाटेवर दर दिवशीं दरोडा पडतो, तेथें शिदोरीचा हिशेब किती टिकणार!

याचा पुरावा दूर शोधावयास नको. आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडांत कांहीं पेठांत चोवीस तास पाणी व इतरत्र मधून मधून, अशी दोन्ही व्यवस्था शेजारीं शेजारीं असतां कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं दोहोंची तुलना केली व ती २०१३ सालीं प्रसिद्ध केली. मैल्याची खूण समजला जाणारा 'ई. कोलाय' जंतु चोवीस तासांच्या नळांवर शेंकडा एकाहूनही कमी नमुन्यांत, आणि अधूनमधून येणाऱ्या पाण्यांत शेंकडा तीसहून अधिक नमुन्यांत आढळला. चोवीस तास पाणी ही केवळ श्रीमंती सोय नसून आरोग्याची बाब आहे, हें यावरून उघड होतें. महाराष्ट्रांत कऱ्हाडजवळच्या मलकापूर या लहान गांवानेंही मीटर बसवून असें पाणी देतां येतें हें सिद्ध करून दाखविलें. उलट २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरांत मज्जातंतूंच्या 'गियाँ-बारे' विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. कित्येकांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यावाटे पसरणारा 'कँपिलोबॅक्टर' जंतु सांपडला, आणि संशयाचें बोट पाण्याकडे वळलें. शिकल्यासवरल्या लोकांची वस्तीही या भयापासून मुक्त नाहीं.

शेवटचा नळ

नळांचें जाळें आपल्या फाटकाशीं संपतें असें आपण समजतों. वस्तुतः तें आपल्या पेल्याशीं संपतें. तळटाकी व गच्चीवरील टाकी हे त्या जाळ्याचेच शेवटचे मुक्काम होत. चार माणसांच्या बिऱ्हाडानें आठवड्याचें पाणी मावेल एवढी टाकी बांधली, तर नगरपालिकेनें ताजें पाणी दिलें तरी तें घरांतच शिळें होतें. तेव्हां टाकी गरजेपुरतीच असावी, झांकण घट्ट असावें, आणि ती नियमानें धुवावी. पाणी आल्यावर पहिल्या कांहीं मिनिटांचें पाणी सर्वांत गढूळ व दूषित असतें, असें हुबळी-धारवाडच्याच संशोधनांत दिसून आलें. तें बागेस किंवा धुण्यास लावावें. मुख्य म्हणजे नळास थेट विजेची मोटर लावून पाणी ओढूं नये. तिच्या ओढीनें नळांत पोकळी होऊन गटाराचें पाणी आंत येतें. मोटर लावणारा शेजाऱ्याचें पाणी पळवितोच, वर दोघांच्याही पाण्यांत विष कालवितो. शंका वाटेल त्या दिवशीं पाणी खळखळून उकळावें, हा उपाय जुना असला तरी पक्का आहे.

शिल्लक क्लोरीन पाहण्याची परीक्षाही सोपी आहे. 'डीपीडी' नांवाची गोळी पाण्यांत टाकतांच क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी होतें, आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळतें. खेडोपाडीं ग्रामपंचायतीचे कर्मचारी टी. सी. एल. पावडर घातल्यावर अशीच एक परीक्षा करतात. तींत पाणी पिवळें होतें. सोसायटीच्या कार्यकारी मंडळानें महिन्यांतून एकदां ही परीक्षा करून आंकडा फलकावर लिहावा, यांत फारसा खर्च नाहीं. नळाच्या पाण्यास किंचित् वास आला म्हणून कपाळास आठ्या घालण्यापेक्षां, राखणदार दारापर्यंत जागा आहे, याचें समाधान मानणें बरें.

आणि नगरपालिकेस प्रश्न विचारावयाचाच, तर 'पाणी शुद्ध करतां काय' असा विचारूं नये. त्याचें उत्तर नेहमीं होकारार्थीच येतें. विचारावें तें असें: आमच्या प्रभागांत ज्या नळाशीं पाणी सर्वांत उशिरां पोंचतें, त्या नळाशीं गेल्या महिन्यांत किती वेळां परीक्षा झाली, आणि प्रत्येक वेळीं क्लोरीन किती उरला होता? ज्या शहरापाशीं या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांत तयार आहे, त्या शहराचें पाणी निर्धास्तपणें प्यावें.